प्राथमिक शाळेचे ग्रंथालय : हात आणि अक्षर

१

प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासंबंधी आज जे लिहिले व बोलले जाते त्यात ‘प्रत्यक्षानुभव’ ह्या कल्पनेला अग्रस्थान मिळालेले आहे. मुलाने ग्रंथालयात येऊन नुसते वाचू नये. तेथे त्याने काही हाताळावे, जोडावे, घडवावे, एखाद्या कथेतील प्रसंग स्वतः उभा करावा, आणि अशा रीतीने पुस्तकातील विश्वात देहाने व मनाने प्रवेश करावा, अशी ही भूमिका आहे. तिला विरोध करणारी भूमिकाही तितकीच परिचित आहे. ग्रंथालय हे वाचनाचे स्थान. माती, कागदाचे कपटे, खिळे-हातोडी ह्यांना शाळेत अन्य जागा आहेत. त्यांचा गलबला ग्रंथांच्या सान्निध्यात आणला तर वाचनाला लागणारी एकाग्रताच हरपेल, असे हा दुसरा पक्ष म्हणतो.

वादाचे हे स्वरूप पाहता एक गोष्ट ध्यानात येते. दोन्ही पक्ष अनुभव आणि ग्रंथ ह्यांना मुळातच परस्परांहून वेगळे मानून चालतात. एक पक्ष ग्रंथालयात अनुभवाची भर घालू पाहतो, दुसरा ती नाकारतो. परंतु ह्या दोहोंचा आंतरिक संबंध कोणता, हा प्रश्न दोघांच्याही विवेचनात अस्पर्शित राहतो. वस्तुतः हा प्रश्न नवा नाही. जॉन ड्यूई ह्यांचा ‘द स्कूल अँड सोसायटी’ हा व्याख्यानसंग्रह आणि गिजुभाई बधेका ह्यांचे ‘दिवास्वप्न’ हे गुजराती शिक्षणकथन ह्या दोन ग्रंथांत तो दोन निरनिराळ्या वाटांनी उपस्थित झालेला आहे. पहिला ग्रंथ तत्त्वचिंतकाचा, दुसरा शिक्षकाचा. पहिल्यात ग्रंथालय आकृतीच्या रूपाने येते, दुसऱ्यात ते कथेच्या ओघात उभे राहते. दोहोंचा आदर शिक्षणशास्त्राच्या वर्तुळात इतका रूढ झाला आहे की त्यांचे चिकित्सक वाचन मात्र क्वचितच होते. ते करून पाहणे आणि त्यातून आजच्या वादास काही निकष मिळतो काय ते तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

ड्यूई ह्यांनी शिकागो विद्यापीठाची प्रयोगशाळा १८९६ च्या जानेवारीत सुरू केली. ही प्रयोगशाळा म्हणजे लहान मुलांची एक शाळाच होती. मात्र विज्ञानाच्या अभ्यासात प्रयोगशाळेला जे स्थान असते तेच शिक्षणशास्त्राच्या अभ्यासात ह्या शाळेला असावे, अशी तिच्यामागील कल्पना होती. तीन वर्षांनंतर, १८९९ मध्ये, त्यांनी ह्या शाळेविषयी व्याख्याने दिली, आणि तीच पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील तिसऱ्या व्याख्यानाचा विषय शिक्षणातील अपव्यय हा आहे. ड्यूईंच्या मते हा अपव्यय पैशाचा किंवा वस्तूंचा नव्हे; तो मुलाच्या आयुष्याचा आहे, आणि त्याचे कारण शिक्षणाच्या अंगोपांगांतील तुटकपणा हे आहे. शाळा घरापासून तुटलेली, एक विषय दुसऱ्यापासून तुटलेला, आणि हाताचे काम बुद्धीच्या कामापासून तुटलेले.

हा तुटकपणा नाहीसा झाल्यास शाळा कशी दिसेल, हे दाखविण्यासाठी ड्यूई काही आकृत्या देतात. त्यांपैकी एका आकृतीत शाळेच्या खालच्या मजल्याचे चार कोपरे दाखविले आहेत. एका कोपऱ्यात लाकूड-लोखंडकामाची कर्मशाळा, दुसऱ्यात विणकामादी वस्त्रोद्योग, तिसऱ्यात स्वयंपाकघर, चौथ्यात भोजनगृह. आणि ह्या सर्वांच्या मध्यभागी ग्रंथालय. वरच्या मजल्याच्या आकृतीतही अशीच रचना असून तेथे प्रयोगशाळा व कलेची दालने कोपऱ्यांत आहेत आणि मध्यस्थान वस्तुसंग्रहालयाला दिलेले आहे. ही आकृती म्हणजे एखाद्या नियोजित इमारतीचा आराखडा नव्हे, ती एका कल्पनेची रेखाकृती आहे, असे ड्यूई स्वतःच स्पष्ट करतात. चार कोपऱ्यांत मुलांना जे प्रश्न पडतात, जी तथ्ये सापडतात, ती घेऊन त्यांनी मध्यभागी यावे. तेथे इतरांच्या अनुभवाचा, मानवजातीने साठविलेल्या ज्ञानाचा प्रकाश त्यांवर पडावा. आणि तो प्रकाश घेऊन त्यांनी पुन्हा कोपऱ्याकडे परतावे, अशी ही येरझार आहे. अनुभवाच्या जागी पुस्तक आले तर ते घातक, पण अनुभवाचा अर्थ लावण्यासाठी आले तर त्याला पर्याय नाही, हा ह्या प्रतिपादनाचा गाभा होय.

ह्या आकृतीचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. ग्रंथालयात कृती आणावी की न आणावी, हा आजचा वाद तिच्या दृष्टीने चुकीच्या जागी मांडलेला आहे. कृती ग्रंथालयाच्या आत घडते की भिंतीपलीकडे, ही गोष्ट येथे गौण ठरते. दोहोंमधील दार उघडे आहे काय, आणि त्या दारातून मूल प्रश्न घेऊन ये-जा करते काय, एवढेच येथे विचारावयाचे असते.

असे असूनही ह्या ग्रंथात एक उणीव जाणवते. हाताच्या कामाची ड्यूईंनी केलेली वर्णने अत्यंत सजीव आहेत. मुलांना काम करता येईल अशी मेजे शोधत ते दुकानोदुकानी हिंडले असता एका दुकानदाराने आपल्याकडील सर्व मेजे ऐकण्यासाठी बनविलेली असल्याचे सांगितले, हा प्रसंग शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. अंडी शिजविणाऱ्या मुलांचे किंवा लोकर कातणाऱ्या मुलांचे वर्णन वाचताना ती मुले डोळ्यांपुढे उभी राहतात. ग्रंथालयाच्या बाबतीत मात्र असे घडत नाही. ते आकृतीच्या केंद्रस्थानी आहे. परंतु तेथे शिरलेले मूल कोणते पुस्तक उचलते, ते त्याला कसे सापडते, वाचताना ते कोठे अडते, ह्याचे तसे चित्र वाचकापुढे उभे राहत नाही. कोपरे गजबजलेले आणि केंद्र निःशब्द, असा हा प्रकार आहे. हाताचे काम घेऊन आलेल्या पुढील पिढ्यांनी ड्यूईंचे कोपरे उचलले आणि मध्यभाग सोडून दिला, ह्याचे एक कारण ह्या निःशब्दतेत शोधता येईल.

३

ही उणीव केवळ वर्णनाची आहे असे म्हणून तिची बोळवण करता येत नाही. तिचा परिणाम प्रतिपादनावरही झालेला आहे, आणि तो ड्यूईंच्याच सर्वांत प्रसिद्ध उदाहरणात दिसून येतो. मुलांच्या हाती कच्ची लोकर आणि कापसाची बोंडे देण्यात आली. एका गटाने अर्धा तास खपून सरकीपासून रुई वेगळी केली. ती भरली एका औंसाहूनही कमी. त्यावरून, लोकरीच्या मानाने कापसाचा उद्योग मागे का राहिला आणि आपले पूर्वज सुती वस्त्रांऐवजी लोकरी वस्त्रे का वापरीत, हे त्या मुलांना उमगले, असे ड्यूई सांगतात. पुढे सरकी काढण्याच्या यंत्राचा शोध, त्याचे आर्थिक व सामाजिक परिणाम, अशी ही मालिका वाढत जाते. हाताच्या अनुभवातून इतिहासाचे ज्ञान कसे उगवते, ह्याचे हे नमुनेदार उदाहरण मानले जाते.

परंतु तीच बोंडे यवतमाळ किंवा अकोल्याच्या एखाद्या प्राथमिक शाळेतील मुलांच्या हाती दिली तर काय होईल? त्यांनाही अर्ध्या तासात तेवढीच रुई मिळेल. बोटांचा अनुभव दोन्हीकडे सारखाच. पण त्यांच्या पूर्वजांनी लोकरीला प्राधान्य देऊन कापूस दूर ठेवला, हा निष्कर्ष मात्र येथे सपशेल खोटा ठरेल. भारतात सुती वस्त्राची परंपरा अतिप्राचीन असून मोहेंजोदडोच्या उत्खननात कापसाच्या वस्त्राचा अवशेष मिळाला आहे; अर्थात ते उत्खनन विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील असल्याने १८९९ साली ही माहिती कोणासही उपलब्ध नव्हती. व्हिटनी ह्यांचे यंत्र १७९३ चे. त्याच्या कितीतरी आधीपासून ह्या देशात दोन लाटांमधून कापूस दाबून सरकी वेगळी करणारा हातरेचा वापरात होता. एक अनुभव, आणि त्यापासून दोन परस्परविरोधी इतिहास.

ह्याचा अर्थ असा की शिकागोच्या मुलांना जे उमगले ते केवळ बोटांनी सांगितलेले नव्हते. त्यांच्या पूर्वजांविषयीचे, त्यांच्या देशातील व्यापाराविषयीचे काही ज्ञान तेथे आधीच, न दिसता, हजर होते. कोणीतरी ते वाचलेले व सांगितलेले होते. ड्यूईंच्या कथनात ते अनुभवात विरघळून गेले आहे, त्यामुळे अनुभवानेच सर्व काही शिकविले असा भास होतो. वास्तविक अनुभवाने प्रश्न दिला; उत्तर दिले ते ग्रंथांनी. आणि ग्रंथांचा संग्रह एकाच प्रदेशाच्या इतिहासापुरता असेल, तर तेथून मिळणारे उत्तरही एकांगी असेल. ग्रंथालय केंद्रस्थानी असावे ह्या ड्यूईंच्या मताचे सर्वांत प्रबळ समर्थन त्यांच्याच उदाहरणाच्या ह्या वैगुण्यातून मिळते, ही नवलाची गोष्ट आहे.

कापसाचा हा धागा महाराष्ट्रात आणखी एका संदर्भात हाती येतो. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगी शिक्षणाची जी योजना आखली तीत टकळी व चरखा ह्यांना मानाचे स्थान होते. हस्तव्यवसाय, भौतिक परिसर आणि सामाजिक परिसर ह्या तीन केंद्रांशी सर्व विषयांचा समवाय साधावा, असे ते सूत्र होते. योजनेची वैचारिक भव्यता वादातीत आहे. परंतु ड्यूईंच्या आकृतीशी तुलना करता एक भेद स्पष्ट होतो. येथे मध्यभागी हस्तव्यवसाय आला. ग्रंथसंग्रह हा शाळेचा गाभा आहे असे ह्या तीन केंद्रांच्या सूत्रात कोठेही सूचित होत नाही. पेळूपासून गणिताकडे जाण्याची वाट शिक्षकाने आखावयाची. पेळूपासून पुस्तकाकडे मुलाने आपल्या पायांनी जाण्याची वाट ह्या सूत्रात नाही. समवाय हा त्यामुळे शिक्षकाच्या कुशलतेवर सर्वस्वी अवलंबून राहिला.

४

गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) ह्यांच्या ‘दिवास्वप्ना’त वाट उलट दिशेने सुरू होते. एका शिक्षकाला चौथीचा एक वर्ग वर्षभरासाठी प्रयोग म्हणून मिळतो, आणि त्या वर्षाची हकिकत तो स्वतःच सांगतो, अशी ह्या कथनाची मांडणी आहे. शांततेचा खेळ घेण्याचा त्याचा पहिल्या दिवसाचा बेत साफ फसतो. मुले त्याची टर उडवितात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग त्याचा होतो. ह्या गोष्टीच्या आकर्षणातूनच पुढे पुस्तके येतात. पाठ्यपुस्तकांवर खर्च व्हावयाचे पैसे एकत्र करून वर्गाचे वाचनालय उभारण्याची कल्पना निघते. पालकांना ती विचित्र वाटते. आणि तरीही वर्गात पुस्तके जमतात व मुले ती वाचू लागतात. त्याबरोबरच नाट्यप्रयोग, खेळ, भटकंती ह्यांनी तो वर्ग हळूहळू भरून जातो.

ड्यूईंच्या आकृतीत जे अनुल्लेखित राहिले तेच येथे प्रसंगरूपाने आले आहे. पुस्तकापाशी मूल कसे येते, ह्याचे उत्तर गिजुभाई देतात : ते आवाजाच्या वाटेने येते. ऐकलेली गोष्ट पुन्हा भेटावी, ती आपल्याला हवी तेव्हा भेटावी, ह्या ओढीतून वाचन जन्मते. शिवाय ऐकलेल्या गोष्टीचे नाटक करताना मूल तिला देह देते. पाठ केलेली वाक्ये म्हणून दाखविणे आणि कथेचा प्रसंग आपल्या शब्दांत उभा करणे ह्यांतील फरक गिजुभाईंनी अचूक ओळखला होता. कथेत शिरणे ही आजची संकल्पना त्यांच्या वर्गात कोणत्याही साधनसामग्रीवाचून साकार झालेली दिसते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की हे वाचनालय मुलांच्या घरून आलेल्या पैशांचे आहे. ते शाळेने दिलेले नाही, वर्गाने केलेले आहे. पुस्तकांचा संग्रह करणे हीच येथे पहिली कृती ठरते.

परंतु ‘दिवास्वप्न’ ही अखेर एक रचलेली कथा आहे. लेखकाच्या प्रत्यक्ष अनुभवांचा तिला आधार असला, तरी त्या अनुभवांची निवड आणि जुळणी कथेच्या गरजेनुसार झालेली आहे. शिक्षकाची फजिती पहिल्याच दिवशी होते व पुढे यशाचा आलेख वाढत जातो. शंका घेणारे अधिकारी व सहकारी हळूहळू निरुत्तर होतात. ह्या रचनेमुळे एक प्रश्न झाकला जातो. हा वर्ग पुस्तकांकडे वळला तो पुस्तकांमुळे की त्या एका कथेकऱ्यामुळे? शिक्षक बदलला तर ते कपाट उघडेच राहील काय? कथनात ह्याचे उत्तर नाही, कारण वर्ष संपते तेथे कथाही संपते. दुसरे असे की गिजुभाईंच्या ह्या वाचनालयाचा कणा गोष्ट हा आहे. वस्तूविषयीच्या कुतूहलातून पुस्तकापर्यंत पोचणारे, बोंड हातात घेऊन माहिती शोधणारे मूल येथे तितक्या ठळकपणे भेटत नाही. ड्यूईंचे कोपरे येथे अंधुक आहेत.

ह्या परंपरेचा पुढील टप्पा महाराष्ट्राच्या भूमीवर दिसतो. भावनगर येथे गिजुभाईंच्या सहकारी असलेल्या ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ ह्यांनी ते दीर्घकाळ चालविले. विकतच्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने ह्यांची साधने त्यांनी वापरली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने अंगणात जावे. गुरे राखणारी मुले तेथेही सापडत नसतील तर कुरणात जावे, हा त्यांचा विचार होता. ‘कुरणशाळा’ हा शब्दच एक सिद्धान्त आहे. ग्रंथालयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की अनुभवाची मांडामांड करून तो मुलापुढे ठेवण्याआधी, मुलाच्या ठायी आधीच असलेला अनुभव ओळखला पाहिजे. गुरे राखणाऱ्या मुलाला गवताची ओळख करून देण्यासाठी कृत्रिम उपक्रम लागत नाही. त्याला लागते ते त्याने पाहिलेल्या गवताचे नाव छापलेले पुस्तक.

५

वरील विवेचनातून आजच्या प्रत्यक्षानुभवी उपक्रमांकडे पाहिले असता त्यांतील सबळ व दुर्बळ भाग वेगळे करता येतात. ड्यूईंनी स्वतःच ‘एक्स्पीरियन्स अँड एज्युकेशन’ (१९३८) ह्या उत्तरकालीन ग्रंथात आपल्या अनुयायांना सावध केले होते. प्रत्येक अनुभव शिक्षणप्रद असतोच असे नाही. काही अनुभव पुढील अनुभवाची वाट अडवितात. एका अनुभवातून पुढच्या अनुभवाकडे जाणारे सातत्य, आणि मूल व परिसर ह्यांमधील देवघेव, ह्या दोन कसोट्या त्यांनी त्यासाठी दिल्या. कागदी मुखवटे, रंगविलेला पडदा, गोष्टीतल्या जंगलासारखा सजविलेला कोपरा, हे सर्व पहिल्या दृष्टीस मोहक असते. पण तो कोपरा उतरविल्यावर मुलाच्या हाती कोणता प्रश्न उरला आणि तो प्रश्न त्याला कोणत्या फडताळाकडे घेऊन गेला, हे विचारताच अनेक उपक्रम निरुत्तर होतात. त्यांत अनुभव आहे, सातत्य नाही.

ग्रंथालयशास्त्राच्या बाजूनेही हीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगितली गेली आहे. शियाळी रामामृत रंगनाथन् ह्यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिल्यात ग्रंथ वापरासाठी असल्याचे, तर शेवटच्यात ग्रंथालय ही वाढती संस्था असल्याचे प्रतिपादन आहे. वापर ह्या शब्दाचा अर्थ प्राथमिक शाळेत वाचनापुरता मर्यादित ठेवणे योग्य नव्हे. सात वर्षांचे मूल पुस्तकातील चित्राशेजारी आपण आणलेले पान ठेवून पाहते, ते जुळत नाही म्हणून दुसरे पुस्तक मागते. हा ग्रंथाचा पूर्ण वापर होय. त्याने त्या पानाखाली लिहिलेली चिठ्ठी जपून ठेवली व पुढील वर्षीच्या मुलांना ती वाचावयास मिळाली, तर ती वाढत्या संस्थेत पडलेली भरच आहे. शांततेविषयीच्या आक्षेपाचे उत्तरही येथे मिळते. ग्रंथालयातील शांतता ही स्वतः साध्य नव्हे. ती एकाग्रतेची खूण आहे. सरकी सोलणाऱ्या हातांतही ती असते, आणि पुस्तक उघडे ठेवून जांभई देणाऱ्या रांगेत ती नसते.

यावरून तीन निकष सुचविता येतात. उपक्रमाचा आरंभ अशा वस्तूपासून किंवा कथेपासून व्हावा जी मुलाच्या मनात खरा प्रश्न उत्पन्न करील. त्या प्रश्नाचे उत्तर हाताने मिळणार नाही, त्यासाठी पुस्तक उघडावेच लागेल, अशी त्याची जात असावी. कापसाचे उदाहरण ह्याच कारणासाठी मोलाचे आहे. आणि पुस्तक वाचल्यानंतर मुलाला पुन्हा वस्तूकडे यावेसे वाटले पाहिजे, आता अधिक जाणत्या नजरेने. वऱ्हाडातील मुलाने रुई व सरकी निरनिराळी तोलली, रेच्याविषयी वाचले, घरी जाऊन आजीला विचारले आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुस्तकात नसलेला एखादा शब्द वहीत लिहिला, तर ड्यूईंची येरझार पूर्ण झाली आणि गिजुभाईंचा आवाजही तीत मिसळला. ह्यासाठी लागणारा खर्च नगण्य आहे. लागते ते एवढेच की कपाटाला कुलूप नसावे, आणि तेथे असलेल्या पुस्तकांपैकी काही तरी त्या मुलाच्या शेताशी, घराशी, बोलीशी नाते सांगणारी असावीत.

६

ह्या चर्चेला आज केवळ तात्त्विक महत्त्व नाही. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातील परिशिष्टाने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असावीत, असे बंधन घातले आहे. हे पाऊल निःसंशय मोठे आहे. परंतु त्याच परिशिष्टात अध्यापन-अध्ययनाचे साहित्य ही वेगळी नोंद आहे, ग्रंथालय ही वेगळी, खेळाचे साहित्य ही वेगळी. पुढे २०१६ पासून उभारल्या गेलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे हाताने घडविण्याच्या शिक्षणाला शासकीय मान्यता लाभली. मात्र त्या सहावीपासून बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. म्हणजे पुस्तके एका नोंदीत, साधने दुसऱ्या नोंदीत, आणि घडविण्याची जागा प्राथमिक शाळेच्या बहुतांश वर्गांच्या पलीकडे. नोंदी तपासणाऱ्यास सर्व काही पूर्ण दिसेल. तरीही ड्यूईंनी ज्याला अपव्यय म्हटले तो तुटकपणा जसाच्या तसा शिल्लक राहील.

ड्यूईंनी केंद्र दाखविले, पण ते रिकामे ठेवले. गिजुभाईंनी ते गोष्टींनी भरले, पण एका शिक्षकाच्या आवाजावर तोलून धरले. कोसबाडने ते मुलाच्या अंगणापर्यंत व कुरणापर्यंत नेले. ह्या तिन्हींची सांगड घालणारे प्राथमिक शाळेचे ग्रंथालय अद्याप बहुतेक ठिकाणी घडावयाचे आहे. ते घडविण्याच्या प्रयत्नांचे मूल्यमापन करताना किती उपक्रम झाले हे मोजण्यापेक्षा, उपक्रमानंतर किती मुले आपणहून फडताळापाशी गेली आणि तेथून पुन्हा आपल्या कामाकडे परतली, हे पाहणे अधिक उचित ठरेल.